निर्व्यसनी टोळी

१२ ऑक्टोबर २०१८, शुक्रवार

साहेबांनी आज केबिनमध्ये बोलावलं. मला वाटलं, गेवराईजवळ हायवेवर ट्रकात मेथ नावाच्या नशेचा माल सापडला, त्याच्या तपासात घेतात की काय. कसलं काय. म्हणाले, "केशरताई, वरून आदेश आलाय. या नशेबद्दल गावोगाव जनजागृती करायचीय. तुमचं बोलणं चांगलं आहे, तुम्हीच करा." म्हणजे तपास पुरुषांनी करायचा आणि भाषण बाईनं ठोकायचं. इतकी वर्षं खाकी अंगावर आहे, तरी बाई म्हटली की या ठाण्याला दोनच कामं सुचतात: सत्काराचं ताट धरणं आणि लोकांना समजावून सांगणं.

वर पोस्टरांचा गठ्ठा हातात दिला. केस रंगवलेला, कानात बाळी घातलेला एक पोरगा अंधाऱ्या खोलीत डोकं धरून बसलाय आणि पुढ्यात खडीसाखरेसारखे खडे. मी म्हटलं, "साहेब, असला पोरगा शिरूर तालुक्यात कुठं दाखवू?" तर म्हणे, "ताई, छापून आलंय. आता त्यातला पोरगा बदलता येतो का?"

घरी येऊन नशेची लक्षणं पाठ केली. झोप उडते. भूक मरते. माणूस सारखा जबडा हलवतो, दात खातो. बोलायला लागला की थांबत नाही, एकच काम पुन्हापुन्हा करत बसतो. आणि शेवटी नाही नाही ते दिसायला लागतं, घरच्यांवर संशय येतो. आरशापुढं उभी राहून म्हणून पाहिलं. आई चुलीपासून म्हणाली, "कुणाला झापायलीस गं?"

१७ ऑक्टोबर, बुधवार

पहिली सभा. ग्रामपंचायतीत सतरंजी घातली, माइक लावला. हवालदार उत्तरेश्वर माझ्याबरोबर दिलेत, त्यांनी 'हॅलो हॅलो' करून घसा कोरडा पाडला. आले कोण? सरपंच, त्यांचा पुतण्या, दोन म्हातारे आणि सावली बघून आलेली शेळी. सरपंच म्हणतात, "मॅडम, फोटो काढून घ्या, मग आमाला टँकरचं बघायचंय." त्यांना बोलावं तरी काय? दोन वर्षं नीट पाऊस नाही, हापसे खडखडाट करतात. पण हजेरीच्या कागदावर सह्या ठोकायला मात्र सगळे पुढं. मी एकही सही घेतली नाही. उत्तरेश्वर म्हणाले, "बाई, एवढं कशापायी तापता?" तापू नको तर काय करू?

२२ ऑक्टोबर, सोमवार

डोकं चाललं. लोक सभेला येत नाहीत ना, मग सभा लोकांकडं न्यायची. पाण्याचा टँकर आला की अख्खं गाव रांगेत असतं आणि हंडा सोडून कोणी हलत नाही. आज टँकरच्या बाजूला स्टुलावर उभी राहिले आणि सुरू केलं. एक बाई म्हणाली, "आक्का, तुमी बोला, पर पाय जरा काढा, नळी जाऊ द्या." हसले सगळे. हसू द्या, पण ऐकलं.

मी लक्षणं सांगितली. मागून एकजण बोलला, "ते पुण्या-मुंबईचं ऱ्हाऊ द्या मॅडम, दारूचं बोला." मी म्हटलं, ही दारूपेक्षा वाईट. तो म्हणतो, "आमच्याकडं जो पीत न्हाई तो निर्व्यसनी. एवढं साधं हाय." रांगेतल्या बायकांनी माना हलवल्या. मलाही त्या घडीला ते पटलंच, खोटं का लिहू. दारूनं आमच्या वस्तीतली किती घरं बसली ते मी पाहिलंय.

२७ ऑक्टोबर, शनिवार

आज शहादेवची टोळी ऊसतोडीला गेली. माझा धाकटा भाऊ शहादेव आणि त्याची बायको चतुरा, दोघं मिळून एक कोयता. ऊसतोडीत नवरा-बायकोला मिळून एकच मोजतात, त्यातलं एक आजारी पडलं तरी दोघांचा खाडा धरून पैसे कापतात. आई-बाबांनी जन्मभर हेच केलं, मी शिकले म्हणून सुटले. शहादेवची दोन्ही लेकरं दरवर्षीसारखी माझ्या क्वार्टरवर आईजवळ ठेवलीत.

या वेळी लांब नाही, इथंच नदीकाठच्या सहकारी साखर कारखान्यावर आहेत. पण उसाला पाणी नाही, उभा ऊस वाळायलाय. सीझन लौकर उरकायचा म्हणून कारखान्यानं मुकादमांच्या मागं लकडा लावलाय. सगळे मुकादम रडतायत, एक आप्पाराव सोडून. आप्पाराव आमच्याच गावचा, मोठ्या घरचा, तोंडाचा गोड. त्याच्या टोळीत दारूचा थेंब चालत नाही. मागच्या सीझनला त्यानं शहादेवची दारू सोडवली. जे आईच्या रडण्यानं झालं नाही, माझ्या वर्दीनं झालं नाही, ते त्यानं केलं. सीझन संपवून आल्यावर शहादेव आठवडाभर नुसता झोपून होता, उठला की चिडायचा, पण बाटलीला शिवला नाही. सहा महिने राबलेलं शरीर, झोपणारच की.

ट्रॅक्टरमध्ये बसताना आप्पाराव मला म्हणाला, "ताई, भावाची काळजी करू नका. माझ्याजवळ हाय त्यो."

१४ नोव्हेंबर, बुधवार

साहेबांना आता 'यशोगाथा' पाहिजे. बाकीच्या ठाण्यांनी शाळांतल्या पोरांच्या रॅल्या काढल्या, आपलं काय? मी आप्पारावच्या टोळीचं नाव दिलं. फडात, ऊस तोडतात तिथंच जाऊन टोळीचा सत्कार करायचा, 'निर्व्यसनी टोळी' म्हणून प्रमाणपत्र द्यायचं. म्हणजे बाकीच्या मुकादमांनाही लाज वाटेल. साहेब खूश. उत्तरेश्वर म्हणाले, "बाई, आधी जरा चौकशी करून बघावी का?" मला रागच आला. बाईनं काही सुचवलं की यांना चौकशी आठवते. म्हटलं, "माझा सख्खा भाऊ आहे त्या टोळीत. आणखी काय चौकशी करायची?"

२ डिसेंबर, रविवार

सत्कार झाला, आणि मन भरून आलं. फडाच्या कडेला कोपी, म्हणजे उसाच्या पाचटाच्या झोपड्या, त्यांच्यापुढं खुर्च्या मांडलेल्या. कारखान्याचे चेअरमन विठ्ठलराव स्वतः आले. म्हणाले, "ही टोळी दुसऱ्यांच्या दीडपट ऊस देते, आणि एक खाडा न्हाई." आप्पारावच्या खांद्यावर शाल मी घातली. प्रमाणपत्रावर साहेबांची सही, ठाण्याचा शिक्का.

एका गोष्टीवरून मात्र डोकं फिरलं होतं. सगळ्या टोळीला आप्पाराव आपल्या हातानं मोठ्या किटलीतला चहा वाटत होता. मी पेला पुढं केला तर हात मागं घेतला. म्हणे, "ताई, तुमच्यासाठी दुसरा आणतो." माझ्या अंगाची आग झाली. म्हटलं, अजून? वर्दी घालूनही आमच्यासाठी किटली वेगळी? बाबासाहेबांनी पाण्याला हात लावून नव्वद वर्षं होऊन गेली आणि हा मला चहा वेगळा देतो. तिथंच झाडणार होते. पण बघितलं तर माझ्यासाठी आणलेल्या लहान किटलीतलाच चहा चेअरमनना दिला, साहेबांना दिला, आप्पाराव स्वतः प्यायला. तेव्हा कळलं, हा भेदभाव नव्हता, मान होता. मनातल्या मनात त्याची माफी मागितली.

शहादेव हडकलाय, पण काय चपळ झालाय. पूर्वी दुपारी झाडाखाली लवंडायचा, आता मोळी टाकून पळत परत जातो. आणि चतुरा! लग्नाला दहा वर्षं झाली, कधी माझ्यापुढं तोंड उघडलं नाही तिनं, आज अखंड बोलत होती. बोलता बोलता एकच पातेलं राखेनं घासत होती, धुतलं, पुन्हा घासलं. जेवण निघालं तेव्हा तिनं भाकरीला हात लावला नाही, म्हणाली, "भूकच न्हाई आक्का, कामात कळत न्हाई." मी साहेबांना म्हटलं, बघा, कष्टाची माणसं अशी असतात. नाहीतर ती पोस्टरवरची पोरं.

१९ डिसेंबर, बुधवार

ठाण्याच्या फेसबुक पेजवर सत्काराचे फोटो टाकलेत, जिल्ह्यातून कौतुक चाललंय. एसपी ऑफिसकडून शाबासकी आली. ती साहेबांच्या नावानं आली, हे लिहिलंच पाहिजे.

आणि आज चतुराचा फोन. आवाज दबका. "आक्का, ह्यांना उसात माणसं दिसतात. म्हणतात, कुणीतरी मला न्यायला आलंय. रातीचं कोयता उशाला घिऊन बसत्यात. तुमी टँकरवर सांगता ना, त्या कागदावर हाय ना, तसं व्हायलंय." मी तिला पुरतं बोलूसुद्धा दिलं नाही. म्हटलं, चतुरे, भाऊ दारू प्यायचा तेव्हा तू रडायचीस, आता सुधारला तर ही तक्रार? संशय घेतो म्हणतेस, मग तू कुणाशी चार शब्द जास्त बोलली असशील. अख्खा जिल्हा ज्या टोळीचं नाव घेतो त्या टोळीला बट्टा लावू नको.

तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "बरं आक्का. लेकरं जेवली का?" आणि फोन ठेवला.

या बायकांना सुख टोचतं की काय, कळत नाही. आई म्हणाली, "तिचं ऐकून तरी घ्यायचं व्हतं." आईचं सुनेवर लेकीपेक्षा प्रेम जास्त.

६ जानेवारी २०१९, रविवार

दवाखान्याच्या बाकावर बसून लिहिते.

शहादेव डोक्यावर मोळी घेऊन ट्रकच्या फळीवरून चढताना खाली आला. पाय घसरला असं आधी कळलं. बीडच्या एका दवाखान्यात पोहोचले तर चार माणसांनी धरलेला, डोळे वटारलेले, जबडा करकर वाजत होता. मला बघून ओरडला, "आक्का, तू बी त्यांच्यातलीच." छातीचे ठोके डॉक्टरांच्या मशीनवर मावत नव्हते.

डॉक्टर तरुण, पोरगेलासा. मला म्हणाला, "काय घेतो हा?" मी तिथंच त्याच्यावर चढले. म्हटलं, "तोंड सांभाळून बोला. माझा भाऊ निर्व्यसनी आहे. त्याच्या टोळीला पोलिसांचं प्रमाणपत्र आहे, मी स्वतः दिलंय." गांगरून गेला बिचारा, पण हटला नाही. म्हणाला, "मॅडम, मी दारूचं विचारलं नाही. याची झोप, भूक कशी आहे? जबडा कधीपासून असा हलतोय? संशय घेतो का?"

माझंच भाषण तो मला म्हणून दाखवत होता. एकेका शब्दाला फडातली दुपार डोळ्यांपुढं आली. चपळ झाला म्हणून मी टाळ्या वाजवल्या होत्या.

लघवी तपासली. मेथ निघालं. आई सारखी विचारत होती, "काय निघालं गं? कावीळ हाय का?"

८ जानेवारी, मंगळवार

शहादेवचा जीव वाचला. हाता-पायाला पट्ट्या बांधून ठेवलाय. हृदयाला इजा झालीय, पुन्हा मोळी उचलायची नाही म्हणतात.

काल सकाळी उत्तरेश्वरांना घेऊन मी सरळ फडात गेले. साहेबांना फोन केला तो वाटेत. मोठी किटली चुलीवरच होती. आप्पारावच्या कोपीत पत्र्याच्या पेटीत पुड्या सापडल्या. मेथच, पोस्टरवरचे तेच खडे, फक्त कुटून भुकटी केलेले. म्हणजे मला चहा वेगळा का दिला ते आत्ता कळलं. आणि मी त्याची मनात माफी मागितली होती. माझ्या या शहाणपणाला काय म्हणावं?

आप्पारावचा आवाजसुद्धा चढला नाही. म्हणाला, "ताई, कारखान्याला ऊस वाळायच्या आत पायजे. शेतकऱ्याला पायजे. ह्या मान्सांना खाडा नको. मी दारू पाजली का? ताकदीचं औषिध दिलं. आन तुमीच तर शाल घातली." प्रमाणपत्र कोपीच्या मेढीला टांगलेलं होतं, वर प्लॅस्टिकचा कागद लावून. मी ते ओढून काढलं. उत्तरेश्वर म्हणाले, "बाई, फाडू नका. पंचनाम्यात घ्यावं लागंल." घेतलं.

ठाण्यात आले तर साहेबांचा पहिला प्रश्न काय? "पेजवरचे फोटो काढले का?" भाऊ मरता मरता वाचला आणि यांना फोटो. मग म्हणाले, "ताई, माल त्याच्या कोपीत मिळाला ते ठीक. पण मजुरांना पाजत होता हे कोण सांगणार? शहादेवचा जबाब आज तरी चालणार नाही. टोळीतलं कोणी बोललं तरच पाजल्याचं कलम टिकेल. नाहीतर त्याचा वकील आपलंच प्रमाणपत्र कोर्टात वाचून दाखवील." हे मात्र खरं बोलले. म्हणूनच जास्त चीड आली.

चेअरमन विठ्ठलरावांनीही फोन केला. कारखान्याचा याच्याशी संबंध नाही म्हणाले. मग हळूच, "टोळी कधी सुरू व्हईल?"

११ जानेवारी, शुक्रवार

जबाब घ्यायला फडात गेले होते. ऊन वर आलं तरी कोपींतून माणूस हलत नव्हतं. किटली बंद झाल्यापासून सगळे मेल्यासारखे झोपलेत. जे जागे त्यांच्या हातांना कंप सुटलेला. ऊस तसाच उभा. कारखान्यानं निरोप दिलाय, दोन दिवसांत कोयते चालले नाहीत तर दुसरी टोळी आणू. मला वाटलं होतं, ही माणसं माझ्याकडं धावत येतील, आप्पारावला शिव्या देतील. एकानं तोंडावर कोपीचं दार लावलं. दुसरा म्हणाला, "तुमची जनजागृती झाली असंल तर जा बाई, आमची रोजी गेली." मी ओरडले, "अरे, विष पाजत होता तो तुम्हाला." तो पांघरूण ओढून म्हणाला, "ठावं हाय."

जबाबाला तोंड उघडायला एकजण तयार नाही. मग उरली चतुरा.

ती कोपीपुढं बसली होती. डोळे खोल गेलेले, ओठ फुटलेले. मी शेजारी बसले. आधी त्या फोनचं बोलले. म्हटलं, "चतुरे, तू सांगत होतीस आणि मी तुलाच नाही नाही ते बोलले. चुकले मी." ती म्हणाली, "जाऊ द्या आक्का." त्यात राग नव्हता, जीवच नव्हता. मी विचारलं, "तुला चहातलं कधी कळलं?"

"पयल्या दिवशीच. समद्यांनाच ठावं व्हतं. तुमालाच न्हवतं."

"मग प्यायलीस कशाला?"

तिनं माझ्याकडं असं बघितलं, जशी काही मी खुळीच आहे. "तुमच्या कागदावरचा पोरगा मजा म्हणून घेतो, आक्का. माझं अंग दुखायचं, पाळीत उभं ऱ्हावत नव्हतं, आन खाडा पडला तर दोघांचा. आत्याबाईंनी, तुमच्या आईनं, कसं केलं आसंल ह्ये जन्मभर, मला ठावं न्हाई. चहा घेतला की दिस निघायचा."

सांगितलं की शहादेव बरा होतोय, आप्पाराव आत आहे, तू एक जबाब दिलास की तो सहजी सुटत नाही. लेकरांची शपथ घातली. मी लिहून घेतलं, तिला वाचून दाखवलं. तिनं शब्द न् शब्द ऐकला, कुठं काय चुकलं तेही सांगितलं. पेन हातात घेतलं, पण बोटांत धरता येईना. तिनं ते मांडीवर ठेवलं आणि इकडं तिकडं बघून माझ्याजवळ सरकली.

"सही करते म्या. पर आक्का, त्या पुड्या तुमच्या ठेसनात हायेत म्हणं. त्यातली चिमूटभर आणा. ह्ये दवाखान्यात, निदान मला एकटीला तरी तोडाया पायजे. सीझन उरकला की सोडते, लेकरांची आन."

मी म्हटलं, "चतुरे, काय मागतीयस तू? मी पोलीस आहे."

"म्हणूनच मागते," ती म्हणाली. "आप्पाराव आत गेला. आता तुमच्याबिगर कुणाकडंच न्हाई."